चंद्राची वाट आणि चुकांची नोंद

(प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी-कर्मचारी यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सकाळच्या सत्रात आपण पाणीपुरवठा योजना, शालेय पोषण आहार आणि दप्तरातील नोंदी यांविषयी ऐकले. आता दुपारी एकदम चंद्राची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. म्हणून प्रथम कारण सांगतो.

काही महिन्यांपूर्वी कामानिमित्त एका खेड्यातील शाळेत गेलो होतो. सातवीच्या वर्गात चंद्राविषयी बोलणे निघाले, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माणूस चंद्रावर खरेच गेला होता, की तो सिनेमा होता? माझा दादा म्हणतो, सगळे खोटे आहे, मोबाइलवर दाखवले आहे." वर्ग हसला, गुरुजी हसले आणि मीही हसलो. मुलगी खाली बसली. तिच्या प्रश्नाला उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

परतीच्या वाटेवर एस.टी.त बसल्यावर मला त्या हसण्याची लाज वाटू लागली. "माणूस चंद्रावर गेला" हे मला ठाऊक होते. पण ते खरे कशावरून, हे मलाही सांगता आले नसते. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावरचे जे मिळाले ते वाचून काढले. वाचताना असे ध्यानात आले की, या इतिहासावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण तेथील विजयांत नसून चुकांच्या नोंदींत आहे. तीच गोष्ट आज आपल्यापुढे मांडतो.

संकल्प आणि त्याची मुदत

१२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत संघाचे युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अमेरिकेचे ॲलन शेपर्ड ५ मे रोजी अवघ्या पंधरा मिनिटांची अंतराळफेरी करून परतले. त्यानंतर वीस दिवसांनी, २५ मे १९६१ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आपल्या संसदेपुढे संकल्प मांडला की, हे दशक संपण्यापूर्वी माणसाला चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणावयाचे. पंधरा मिनिटांच्या अनुभवावर केलेली ही घोषणा होती. त्यामागे विज्ञानप्रेमापेक्षा महासत्तांची चढाओढ अधिक होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तिची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. काम कोणते, मुदत किती आणि काम पुरे झाले असे केव्हा म्हणावयाचे, या तिन्ही गोष्टी तीत स्पष्ट होत्या. माणूस नुसता पोचून भागणार नव्हते. तो परत आला पाहिजे होता.

चंद्रावर जावयाचे कसे, यावर वर्षभर वाद झाला. एकच प्रचंड यान सरळ चंद्रावर उतरवावे, असे अनेकांचे मत होते. जॉन हूबोल्ट हा अभियंता मात्र निराळे सांगत होता. मोठे यान चंद्राभोवती फिरते ठेवावे, एका लहान यानातून दोघांनी खाली उतरावे आणि काम झाल्यावर पुन्हा वर येऊन मोठ्या यानास मिळावे, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याची कोणी दाद घेईना, तेव्हा नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने सारे अधिकारी ओलांडून थेट वरिष्ठांस पत्र लिहिले. शिष्टाचाराच्या दृष्टीने तो अपराधच होता. तथापि त्या पत्राची दखल घेतली गेली आणि जुलै १९६२ मध्ये हाच मार्ग मुक्रर झाला. पुढे माणसांना घेऊन चंद्रावर उतरलेले प्रत्येक अमेरिकी यान याच रीतीने उतरले.

१९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत जेमिनी मालिकेच्या दहा मानवी उड्डाणांतून अंतराळात दोन याने जोडणे, यानाबाहेर येऊन काम करणे आणि दोन आठवडे अंतराळात राहणे या गोष्टींचा सराव झाला. एकदम उडी न मारता पायरीपायरीने चढण्याची ही रीत होती.

आगीनंतरची चौकशी

२७ जानेवारी १९६७. पहिल्या अपोलो उड्डाणाची जमिनीवरच तालीम चालू होती. गस ग्रिसम, एडवर्ड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे यानाच्या कक्षात होते. अग्निबाणात इंधन नव्हते. म्हणून ही चाचणी धोक्याची समजली गेली नव्हती आणि सुटकेची तयारीही पुरेशी नव्हती. कक्षात दाब दिलेला शुद्ध प्राणवायू भरलेला होता. अशा हवेत एरवी सहसा न पेटणारी वस्तूही भडकते. तारांजवळ कोठेतरी ठिणगी पडली असावी. कक्षाचे आतले दार आतल्या बाजूस उघडणारे होते; आत दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. काही क्षणांतच तिघेही मृत्युमुखी पडले.

चौकशी मंडळाने यानाचा तुकडा न् तुकडा वेगळा करून तपासला आणि एप्रिल महिन्यात अहवाल प्रसिद्ध झाला. सदोष तारा, पेट घेणाऱ्या वस्तूंचा वापर, दाराची चुकीची रचना आणि कामातील हयगय यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. यंत्रणा निष्कलंक होती, असे मी म्हणत नाही. बांधणी करणाऱ्या कंपनीच्या ढिसाळ कामाविषयीचा अंतर्गत आढावा १९६५ च्या अखेरीसच तयार झाला होता. तो लोकप्रतिनिधींना सांगितला गेला नव्हता. ही गोष्ट संसदीय सुनावणीत उघड झाली आणि तेथील अधिकाऱ्यांना खाली मान घालावी लागली. चौकशी अशी चव्हाट्यावर झाल्यामुळेच सुधारणा टाळता आली नाही. दार बाहेर उघडणारे झाले, ते काही सेकंदांत उघडू लागले. पेटणाऱ्या वस्तू काढून टाकल्या. जमिनीवर असताना कक्षात नत्रवायूचे मिश्रण भरले जाऊ लागले. एकवीस महिने कोणीही उडाले नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ पृथ्वीभोवती फिरून आले, तेव्हा ते यान जवळजवळ नव्याने बांधलेले होते.

चंद्रावर पहिले पाऊल

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून बोरमन, लव्हेल आणि अँडर्स या तिघांनी चंद्राभोवती दहा प्रदक्षिणा घातल्या. चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीचे प्रसिद्ध छायाचित्र त्याच प्रवासातले. मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ने चांद्रयानाची पृथ्वीजवळ परीक्षा घेतली. मे महिन्यात अपोलो १० चे लहान यान चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे १५ किलोमीटरपर्यंत खाली गेले आणि न उतरता परत आले. इतक्या जवळ जाऊन परतावयाचे, कारण त्या दिवशीचे काम तेवढेच ठरलेले होते.

१६ जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग, एडविन ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स यांना घेऊन, सुमारे ११० मीटर उंचीच्या सॅटर्न ५ अग्निबाणाने अपोलो ११ निघाले. आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास 'ईगल' चंद्रावर उतरले. त्या उतरण्यापूर्वीच्या काही मिनिटांची हकिगत आपल्यासारख्यांनी अवश्य ऐकावी.

यान खाली येत असता त्यातील संगणकाने एकाएकी धोक्याची सूचना दिली. ती सांकेतिक आकड्यात होती. तिचा अर्थ काय आणि उतरणे रद्द करावयाचे काय, हे काही सेकंदांत ठरवावयाचे होते. ह्यूस्टन येथील नियंत्रण कक्षातील तरुण अभियंत्यांनी "पुढे चला" असे सांगितले. हे धैर्य आले कोठून? काही दिवसांपूर्वीच्या रंगीत तालमीत अशीच सूचना आली असता त्यांनी घाबरून उतरणे रद्द करविले होते आणि तो निर्णय चुकीचा ठरला होता. त्यावर प्रमुख जीन क्रॅन्झ यांनी त्यांना अशा प्रत्येक सूचनेचा अर्थ शोधून लिहून काढावयास लावले. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या तरुणाने ती यादी हाताने लिहून आपल्या मेजावर ठेवली होती. संगणकावर कामाचा भार अधिक झाला आहे, एवढाच त्या सूचनेचा अर्थ होता. मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आज्ञावलीची योजनाच अशी केली होती की, अशा वेळी संगणकाने कमी महत्त्वाची कामे बाजूस सारून महत्त्वाची चालू ठेवावीत. तालमीत झालेली चूक लिहून ठेवली म्हणून प्रत्यक्ष प्रयोग पार पडला.

पोशाखाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चंद्रावर माणसाला जिवंत ठेवणारा तो अनेक थरांचा पोशाख, अंतर्वस्त्रे बनविणाऱ्या उद्योगाशी संलग्न अशा एका कंपनीतील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी शिवला होता. टाका किंचित जरी हलला, तरी तुकडा बाद होत असे. या कार्यक्रमाच्या ऐन भरात सुमारे चार लाख माणसे कामास लागली होती. चंद्रावर पावले बारा जणांची उमटली. त्यांच्यामागे ही चार लाख माणसे होती.

एका बदलाची गोष्ट

नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चंद्रावर जाऊन आले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ निघाले. पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक दूर असताना त्यातील प्राणवायूची एक टाकी फुटली. चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून देऊन लव्हेल, स्विगर्ट आणि हेज यांनी चांद्रयानाचाच होडीसारखा आसरा घेतला आणि थंडी, तहान व दूषित हवा यांच्याशी झगडत ते १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले. या सुटकेवर चित्रपट निघाले. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा चौकशी अहवाल.

टाकीतील तापकाच्या कळी २८ व्होल्ट दाबासाठी बनविलेल्या होत्या. प्रक्षेपणतळावर ६५ व्होल्टचा प्रवाह वापरावयाचे ठरले, तेव्हा १९६५ मध्ये तपशीलपत्रकात तसा बदल करण्यात आला. पण कळी बदलल्या गेल्या नाहीत. पुरवठादाराच्या हे लक्षात आले नाही. तपासणाऱ्यांच्याही आले नाही. पुढे तीच टाकी एकदा हाताळताना सुमारे पाच सेंटीमीटर खाली आदळली. बाहेरून काही दिसले नाही, म्हणून ती चालवून घेतली. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत टाकी नीट रिकामी होईना, तेव्हा तापक कित्येक तास चालू ठेवला. कळी जळून चिकटल्या. तापमान भयंकर वाढले. पण मापकाचा काटा ठरावीक मर्यादेपुढे जाणाराच नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्यास सारे ठीक दिसत होते. आत तारांवरील आवरण करपले होते. पुढची ठिणगी अंतराळात पडली.

मित्रहो, एका कागदावर झालेला बदल प्रत्यक्ष कामापर्यंत न पोचणे, "बाहेरून ठीक दिसते" म्हणून वस्तू चालवून घेणे आणि काटा पुढे सरकत नाही म्हणून धोका नाही असे समजणे, या गोष्टी आपल्याला अपरिचित आहेत काय? चौकशी मंडळाने हे सारे दोनच महिन्यांत प्रसिद्ध केले. टाकीची रचना बदलण्यात आली आणि जानेवारी १९७१ च्या अखेरीस अपोलो १४ निघाले. त्यानंतर अपोलो १५, १६ आणि १७ मधील अंतराळवीरांनी चंद्रावर मोटारगाडी चालविली. अपोलो १७ बरोबर हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक गेले होते. डिसेंबर १९७२ मध्ये ते परतले आणि अपोलोचा अध्याय संपला. सहा अवतरणांतून एकूण सुमारे ३८२ किलोग्रॅम खडक व माती पृथ्वीवर आली.

झाकलेले अपयश

सोव्हिएत संघाची बुद्धिमत्ता कमी नव्हती. चंद्रावर आदळणारे पहिले यान त्यांचे, चंद्राच्या पलीकडल्या बाजूचे पहिले छायाचित्र त्यांचे आणि १९६६ मध्ये अलगद उतरलेले पहिले यानही त्यांचेच. माणसास नेण्यासाठी त्यांनी एन १ नावाचा महाकाय अग्निबाण बांधला. त्याच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिने होती. परंतु ती सर्व एकत्र जोडून जमिनीवर कधी चालवून पाहिली नव्हती. १९६९ ते १९७२ या काळात त्याची चार उड्डाणे झाली आणि चारही फसली. अपोलो ११ निघण्यापूर्वी तेराच दिवस आधी त्याचा एक अग्निबाण तळावरच कोसळून फुटला. यातले काहीही जनतेस सांगण्यात आले नाही. आपण चंद्राच्या शर्यतीत नव्हतोच, असे पुढे १९८९ पर्यंत भासविले गेले. त्यांच्या अपयशाला कारणे अनेक होती; निधीची चणचण, संस्थांमधील भांडणे आणि मुख्य रचनाकार कोरोलेव्ह यांचा १९६६ मधील मृत्यू ही त्यांपैकी काही. पण झाकून ठेवल्याने एकही अग्निबाण सुधारला नाही, एवढे खरे.

खर्चाचा प्रश्न

आपल्यापैकी एखाद्याच्या मनात येईल की, गरिबांच्या पोटापेक्षा चंद्र मोठा काय? हा प्रश्न तेथेही विचारला गेला. अपोलोवर सुमारे २५ अब्ज डॉलर खर्च झाले. अपोलो ११ निघण्याच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबरनथी हे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन प्रक्षेपणतळाशी निदर्शनास आले. अंतराळ संस्थेचे प्रमुख टॉमस पेन त्यांना सामोरे गेले. उद्याचे बटण न दाबल्याने दारिद्र्य हटणार असेल तर आपण ते दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि त्यांच्यातील काही जणांना उड्डाण पाहण्यास बोलाविले. या उत्तराने सर्वांचे समाधान झाले असेल, असे मला वाटत नाही. पैशाचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्कच आहे. आणि तो हिशेब तेथे दरवर्षी संसदेपुढे मांडला जात होता.

पुरावा कशाचा?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर वेधशाळांतून लेसर किरण सोडला की तो परत येतो. त्यावरून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जात असल्याचे मोजले गेले. सोव्हिएत संघाच्या यंत्रमानवी यानाने १९७० मध्ये स्वतंत्रपणे थोडी माती आणली. पुढे दोन्ही देशांनी आपापले नमुने एकमेकांस तपासावयास दिले. प्रतिस्पर्ध्याने पडताळून पाहिलेली साक्ष म्हणून तिचे मोल मोठे. अपोलोचे काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले. प्रा. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील कणांवर विश्वकिरणांनी उमटविलेल्या सूक्ष्म रेषांचा अभ्यास केला. चंद्राचे खडक महाराष्ट्राच्या राजधानीत तपासले गेले, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? अलीकडे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी, आपल्या चांद्रयान २ नेही, अपोलोच्या अवतरणस्थळांची छायाचित्रे घेतली आहेत.

काही नमुने तर मुद्दाम न उघडता ठेवले होते, उद्याची उपकरणे अधिक चांगली असतील म्हणून. अपोलो १७ चा असा एक नमुना २०२२ मध्ये, पन्नास वर्षांनी, उघडण्यात आला. पण तेथेही हलगर्जी झाली. अपोलो ११ च्या चित्रणाच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, हे संस्थेने २००९ मध्ये स्वतः जाहीर केले. दूरचित्रवाणी केंद्रांकडील प्रतींवरून मग चित्रण सुधारून घ्यावे लागले. संशय घेणाऱ्यांच्या हाती हे आयते कोलीत होते, तरी ते सांगितले गेले.

आपल्यासाठी

आपल्याकडेही ही परंपरा रुजली आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान २ चा 'विक्रम' उतरताना कोसळला. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातील प्रत्येक उणीव शोधली आणि "काय काय बिघडू शकेल" याचा विचार करून पुढचे यान रचले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरले.

शेवटी स्वतःविषयी एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावच्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचे वृत्त मी लिहिले होते. टाकी बांधून झाली होती, पण वरच्या वस्तीपर्यंत नळ पोचला नव्हता. ते वाक्य मी गाळले. पुढे त्याच वस्तीवर एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितले, "साहेब, तुमचं छापलेलं आम्ही वाचतो, पण खरं मानत नाही." त्या वाक्याची भरपाई करावयास मला अनेक वर्षे लागली. मोबाइलवरील असत्याला आपण दोष देतो. पण लोकांचा विश्वास अशा गाळलेल्या वाक्यांतूनही झिजत असतो.

आपल्या तपासणी अहवालांत 'आढळलेल्या उणिवा' असा एक रकाना असतो. त्यात बहुधा एकच शब्द लिहिलेला सापडतो: निरंक. यापुढे तो शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे, ही माझी अधिकारी मित्रांना विनंती. एखादा प्रश्न वर्गातील हसण्यात बुडू देऊ नये, ही शिक्षकांना विनंती. आणि मागील सभेच्या इतिवृत्तातील अपुरे काम वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा, ही पंचायत सदस्यांना विनंती.

त्या मुलीला मी पत्र लिहिले आहे. माणूस चंद्रावर गेला होता, असे त्यात लिहिले आहे. पण त्याआधी, मी हसलो ते चुकले, असेही लिहिले आहे.